आप्पांच्या पायातल्या सुया

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या दोन वह्या उरल्या होत्या, त्यातली ही एक. डावं पान कोरं, उजव्या पानाला रेघा. आकृती डावीकडे काढायची, बाकी उजवीकडे लिहायचं.

आज आप्पांना पहिल्यांदा सुया लावल्या.

वशी मॅडमना हे सांगितलेलं नाही. त्यांच्या दवाखान्यात मी आठ महिने मदतनीस आहे आणि ॲक्युपंक्चरचा सहा महिन्यांचा कोर्सही त्यांच्याकडेच केला. पण वर्ष होईपर्यंत त्यांच्या नजरेआड कुणालाही सुई लावायची नाही असा त्यांचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण आप्पांना त्यांच्या दवाखान्यात, पर्वत पाटियाला न्यायचं तर एक पाळी बुडते, आणि पाळ्या बुडायला लागल्या की शेठ लूम दुसऱ्या कारीगराला देतो. तीस वर्षं ते गोडादऱ्यातल्या त्याच खात्यात, कापडाच्या कारखान्यात, त्याच लूमांपुढे उभे आहेत. दिवाळीपासून त्यांची पाठ दुखते, दोन खांद्यांच्या मध्ये, जरा खाली. रोज येताना मेडिकलमधून एक गोळी आणतात. त्या गोळ्यांनी पोटाचं काय होतं ते मला माहीत आहे. मग मी शिकले कशासाठी?

सुई लावण्याआधी त्यांना डाव्या पानावर रस्ता काढून दाखवला. सुई स्नायूत गेली की तिथल्या मज्जातंतूंची टोकं जागी होतात. त्यांचा निरोप पायातून वर पाठीच्या कण्यात जातो, कण्यातून मेंदूत. मेंदू वेदना दाबणारी स्वतःचीच द्रव्यं सोडतो आणि खाली उलटा निरोप पाठवतो की दुखण्याचं दार लोटून घ्या. आप्पा चहाची बशी हातात धरून बराच वेळ बघत होते.

"म्हणजे सुई टोचशी पायले, आन् बरं वाटी पाठले?"

"हो. मधे मेंदू आहे ना."

"मंग मना मेंदूले आधी सांग, हाई शिकेल पोरगी शे, ऐक तिनं."

घरी आम्ही अहिराणीच बोलतो. सगळं तसंच लिहिलं तर मलाच वाचायला वेळ लागेल, म्हणून बरंचसं मराठीत करून लिहीन.

दोन सुया हातांना, अंगठा आणि तर्जनीच्या मधे. दोन पायांना, गुडघ्याखाली चार बोटं. सुई फिरवली की जडपणा किंवा मुंग्या यायला हव्यात. ते आलं म्हणजे सुई बरोबर बसली, निरोप निघाला. मी म्हटलं, मुंग्या आल्या की सांगा. उजव्या पायाची सुई दोनदा फिरवली आणि आप्पांनी पाय आखडला. "उनी," म्हणाले. आली. "तुनी मुंगी उनी. लाल मुंगी शे वाटतं."

माय चुलीपाशी हसली. मी आज फार आनंदात आहे.

सुई लावण्याआधी पेशंटला विचारायचा मॅडमचा नऊ प्रश्नांचा कागद मी आणलाच होता. आप्पांना तेवढा धीर नव्हता, म्हणून मीच भरला. ताप, नाही. वजन घटलं का, नाही. पडल्यापडल्या दुखतं का, इथे मी थांबले, मग कधीकधी असं लिहिलं. आपल्याच वडिलांचं काय विचारायचं? रोज समोर असतात.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन वेळा सुया झाल्या. आप्पांनी दोन दिवस गोळी घेतलेली नाही. दुखणं दहातलं किती, असं मी दर वेळी विचारते. आठ होतं, आज चार सांगितलं.

दादा (कुंदन, माझा मोठा भाऊ, भेस्तानला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर आहे) संध्याकाळी येऊन म्हणाला, "डॉक्टरीनबाई, माझ्या मोबाईललाही एक सुई लाव, बॅटरी टिकत नाही." मी त्याला लाटणं फेकून मारलं. पण मग हळूच त्याने मान दाखवली. दादाने दहावीला शाळा सोडली म्हणून माझी सुटली नाही, हे घरात कोणी बोलत नाही. मला मात्र रोज आठवतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पेशंट कमी होते. मॅडमनी मेंदूची चित्रं दाखवली, सुई लावण्याआधी आणि नंतर काढलेली. हाताला सुई, आणि मेंदूत खोलवर एक जागा रंग बदलते. मी इतकी वाकून बघत होते की त्यांनी माझी वेणी बाजूला केली.

मी म्हटलं, मॅडम, मला आमच्याकडे असं केंद्र काढायचंय. गोडादऱ्यात दर घराआड एकाची पाठ गेलेली आहे.

त्या म्हणाल्या, "काढ ने. पण एक वात याद राख, जयश्री. आपणे दुखावो ओछो करीए छीए, कारण नथी काढता." एक गोष्ट लक्षात ठेव, आपण दुखणं कमी करतो, दुखण्याचं कारण नाही काढत. मग त्यांनी अर्धा तास मला गुडघ्यांवर हातोडी मारून प्रतिक्षेप बघायला शिकवलं. ते मला जरा कंटाळवाणं वाटलं, कारण ते तर बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला झालं होतं.

त्यांचं वाक्य चांगलं आहे. केंद्र झालं की भिंतीवर लावीन.

५ मार्च, बुधवार

आप्पा: दुखणं तीन. झोप चांगली.

पायाच्या सुयांना आता पूर्वीसारखे दचकत नाहीत. उजव्या पायाला तीनदा फिरवावी लागली. शरीर सरावतं, पुस्तकात आहे.

खात्यातून आले की गोधडी घेऊन बसतात. मायने विचारलं, मार्चात कसली थंडी? आत घामाने भिजायचं आणि बाहेर वाऱ्यात यायचं, म्हणून गार वाटतं, मी तिला समजावलं. तासाभराने घाम येतो आणि बरं वाटतं. त्यांच्या पट्ट्याला मायने खिळा तापवून नवीन भोक पाडलं. उन्हाळ्यात त्यांचं जेवण दरवर्षीच उतरतं.

१९ मार्च, बुधवार

आज एक विलक्षण गोष्ट झाली, नीट लिहून ठेवते.

डाव्या पायाला सुई लावायची होती. सुईची नळी कातडीवर टेकवली, सुईला टिचकी मारायला बोट उचललं, आणि टिचकी मारण्याच्या आधीच आप्पा म्हणाले, "उनी."

मी थांबले. म्हटलं, आप्पा, अजून टोचलीच नाही.

त्यांनी पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "मना पायले आधीच समजी जास आते."

मी यावर दिवसभर विचार करते आहे. मेंदू शिकतो. सहा आठवडे त्याच जागी तीच सुई, तोच निरोप. आता सुई येणार एवढ्यावरच मेंदू आपलं काम सुरू करत असेल. मॅडमना विचारायचं आहे, पण विचारलं तर घरी सुया लावते हे सांगावं लागेल. माझं वर्ष पूर्ण झालं की एकदम सगळी नोंद त्यांच्यापुढे ठेवीन. आप्पांची ही वहीच माझा पहिला अभ्यास आहे.

दुखणं: दोन.

६ एप्रिल, रविवार

आप्पांबरोबर काम करणारे रघुनाथकाका आले होते, कंबरेला सुई लावून घ्यायला. मी नाही म्हटलं. बाहेरच्यांना नाही, तेवढा नियम मी पाळते. चहा पिताना आप्पांकडे बोट करून म्हणाले, "जयू, तुझ्या सुयांनी हिलालभाऊची पाठ बरी झाली खरी, पण आता तो नवरीसारखा चालतो. या लूमला हात, त्या लूमला हात, मग पुढचं पाऊल."

आप्पा म्हणाले, "जमिनीवर तेल सांडलेलं असतं."

"तेल तर माझ्याही पायाखाली आहे."

"तुझे पाय रेड्याचे."

सगळे हसलो. आप्पांना इतकं चेष्टेत आलेलं कितीतरी दिवसांनी बघितलं.

२७ एप्रिल, रविवार. गावी, अमळनेरजवळ

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय तृतीयेसाठी आलो. काल उधना स्टेशनवर गाडीत चढलो, जागा मिळाली, आणि गाडी बारडोलीच्या पुढे गेल्यावर मायचं लक्ष गेलं की आप्पांच्या डाव्या पायात चप्पल नाही. पाय काळा झाला होता. म्हणजे फलाटावर कुठेतरी निसटली आणि तसेच चालत आले, जिन्यावरून, उन्हात तापलेल्या फरशीवरून. पोळलं कसं नाही? आप्पांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एक गई ते गई, दुसरीले काय कवटाळी बसू," आणि दुसरीही खिडकीतून फेकून दिली. समोरच्या बाकावरची बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

नंदुरबारला नवी चप्पल घेतली. तीही पायात राहत नाही. मायने टाचेला नाडी बांधून दिली.

३० एप्रिल, आखाजी

झोके बांधलेत. दुपारभर बायका गात होत्या. ओट्यावर आप्पा भावकीला सांगत होते, "मनी आंडेर शे. मेंदूनं सगळं माहीत शे तिले." आंडेर म्हणजे लेक. कोणी विचारलं, दुखणं खरंच गेलं का? "अर्धं तिना तोंडकडे देखीसनच गयं."

माय न्हाणीपाशी हळूच म्हणाली, की ते लघवीला जाऊन फार वेळ उभे राहतात, होत नाही लवकर. मी म्हटलं, बावन्न वय आहे, पुरुषांना होतं. परत गेल्यावर तपासून घेऊ.

११ मे, रविवार

क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

मॅडमनी गेल्या आठवड्यात पाठीमागचे बिंदू शिकवले. आज आप्पांना पहिल्यांदा पालथं झोपवलं. आजवर ते नेहमी उताणे किंवा भिंतीला टेकून असायचे. आज तोंड उशीत. दोन्ही पोटऱ्यांना दोन-दोन सुया, दोन्ही घोट्यांच्या मागे दोन-दोन. आठ झाल्या. प्रत्येक फिरवली. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. वही घेऊन वेळ लिहिली.

पाचएक मिनिटांनी उशीतून आवाज आला, "कवय लावशी वं? भूक लागी गई."

मी म्हटलं, काय?

"सुया. कवय लावशी?"

सुया कधी लावतेस, असं ते विचारत होते, आणि आठही सुया पायात उभ्या होत्या.

मी उजव्या घोट्याची सुई पूर्ण फिरवली. इतकी फिरवली की कातडी गोळा होऊन वर आली. आप्पा उशीत डोकं ठेवून वाट बघत होते. मग मी पोटरीला चिमटा काढला. मग मांडीला. विचारलं, आता काही होतंय का? "उनी," म्हणाले. तेव्हा माझा हात त्यांच्या अंगाला लागलेलाही नव्हता.

सुया काढल्या. त्यांना सरळ केलं, डोळ्यांवर मायचं जुनं लुगडं टाकलं आणि एका सुईने खालून वर येत राहिले. पावलं, नडग्या, गुडघे, मांड्या. काही नाही. बेंबीच्या जरा वर आल्यावर ते दचकले. तिथून वर सगळं नीट.

विचारलं, कधीपासून?

"होळीना आगुदरपाइन," म्हणाले. होळीच्या आधीपासून.

"मग तुम्ही आली, आली का म्हणत होता?"

त्यांनी लुगडं डोळ्यांवरून काढलं नाही. तसंच सांगितलं. तीस वर्षं खात्यात एकमेकांचं ऐकू येत नाही, सगळं बघून कळून घ्यावं लागतं. मास्तर लांबून ओठ हलवतो तेवढ्यावर कोणता धागा तुटला ते कळतं. सुई फिरवताना मी खालचा ओठ दाताखाली धरते. ते दिसलं की उनी म्हणायचं. एकदा घाई झाली, ओठ आधी धरला मी, सुई नंतर टोचली.

"पण का, आप्पा?"

"तूच सांगं व्हतं ना. उनी म्हणजे सुई बरोबर लागनी. मी नही म्हनतू, ते तुनं चुकनं असं व्हतं. मी कशाला चुकवू तुनं?" थोड्या वेळाने म्हणाले, "माले वाटनं तुनी परीक्षा शे."

माय दारात उभी होती. मी तिला विचारलं, यांना ताप येतो का? ती म्हणाली, "दिवाळीनंतर रोज सांजले येस."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू माले कधी इचारंच नही. तू शिकेल. माले वाटनं, तुले माहीत व्हई."

१२ मे, सोमवार

आप्पांना धड उभं राहता येईना, दादाने उचलून रिक्षात घातलं. मॅडमपुढे सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून मी तयार होते. त्या रागावल्या नाहीत. एकच म्हणाल्या, कागद दाखव.

मी भरलेला कागद वहीत होता. त्यांनी वाचला, घडी केली आणि परत दिला.

मग हातोडी काढली. गुडघ्यावर हलकेच मारली तर पाय उडून त्यांच्या टेबलाला लागला. तळव्याला चावीने रेघ ओढली, अंगठा वर गेला. तो खाली जायला हवा. मला हे येत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृतीसकट लिहिलं असतं. कण्यात मज्जारज्जू कुठेतरी दाबला गेला आहे. लूमच्या तारेसारखा, म्हटलं तर आप्पांना लगेच कळलं असतं.

मॅडमनी चिठ्ठी लिहिली. म्हणाल्या, घरी जाऊ नका, इथूनच सरकारी दवाखान्यात जा. आप्पांनी दारातून वळून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मॅडम, बेन, छोकरीने काही बोलता नहीं. पाठ तो अच्छी हो गई." पोरीला काही बोलू नका, पाठ तर बरी झाली.

१५ मे, गुरुवार

हाडाचा टीबी. पाठीचे दोन मणके कुरतडलेत, तिथे पू साठून मज्जारज्जूवर बसला आहे. उद्या ऑपरेशन, मग वर्ष-दीड वर्ष गोळ्या.

दादाने डॉक्टरना विचारलं, चालतील ना? ते म्हणाले, आधी दाब काढू, मग बघू. दादाने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "फेब्रुवारीत आले असते तर मी तुम्हाला हो म्हटलं असतं."

बाहेर आल्यावर दादा पाण्याच्या नळापाशी तोंड धूत राहिला. मग म्हणाला, "तीन महिने, जयू. गोळी घेत होते तोवर निदान दुखत तरी होतं. दुखत राहिलं असतं तर मीच नेलं असतं ना कुठेतरी."

त्याचं बरोबर आहे.

२० मे, मंगळवार

ऑपरेशन झालं. पू निघाला. पाय तसेच आहेत.

मॅडम येऊन गेल्या, डबा घेऊन. मी विचारलं, सुयांचा उपयोगच झाला नव्हता का? दुखणं कमी झालं तेही त्यांनी माझ्यासाठी सांगितलं का? मला वाटतं, मला हो हे उत्तर हवं होतं. सगळंच खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी माझीच आकृती पुढ्यात घेतली आणि कण्यावर पेनाने एक आडवी रेघ मारली. पायाच्या सुया रेघेखाली. त्यांचा निरोप मार्चपासून वर पोचतच नव्हता. पण हाताच्या सुया रेघेच्या वर आहेत. त्यांचा निरोप पोचत होता. मेंदू आपलं काम करत होता, दुखणं खरंच कमी होत होतं. "ए ज तो वांधो थयो," म्हणाल्या. तीच तर अडचण झाली.

म्हणजे माझे हात चुकले नव्हते.

दुपारी तिथल्या शिकाऊ डॉक्टरने आजार कसकसा वाढला ते विचारलं. तारखा मला आठवेनात, म्हणून वही दिली. तो राजकोटचा आहे, मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून हिंदीत सांगत गेले. संध्याकाळी गोधडी. पट्ट्याचं भोक. लूमला धरून चालणं. चप्पल. लघवी. तो भराभर लिहून घेत होता. संपल्यावर पेन खाली ठेवून म्हणाला, "इतना साफ हिस्ट्री कोई नहीं देता. सब लिखा हुआ है आपने."

त्याला कौतुकच करायचं होतं.

२८ मे, बुधवार

मायने दवाखान्यातल्या बायकांशी ओळख केली आहे. पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला ती आता कुणाला बोलावत नाही, एकटीच करते. आप्पांचं वजन तिला पेलतं, एवढेच ते उरले आहेत.

रघुनाथकाका आले होते. लूमवर दुसरा कारीगर आला हे त्यांनी सांगितलं नाही. आप्पांनी विचारलंही नाही. माझ्यावरून काकांनी चेष्टा करायचा प्रयत्न केला, जमली नाही.

मॅडमकडे पंधरा दिवस गेलेले नाही. त्यांनी ये म्हणून निरोप पाठवला आहे. म्हणाल्या, वर्ष पहिल्यापासून मोजू.

२ जून, सोमवार

रोज सकाळी शिकाऊ डॉक्टर टाचणी घेऊन तपासतो. शनिवारपासून आप्पा मांडीवर आणि गुडघ्यावर हो म्हणायला लागले. काल नडगीवरही. डॉक्टरने तक्त्यावर बाण वर काढला. दादाने गावी फोन केला, रडला. माय कुठूनशी पेढे घेऊन आली आणि सगळ्या वॉर्डला वाटले. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने आप्पांच्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

आज सकाळी मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. नेहमी तिथेच उभी राहते. डॉक्टर म्हणाला, "काका, आँख बंद. लगे तो हाँ बोलो." आप्पांनी डोळे मिटले. पूर्ण नाही. पापण्यांखाली एक बारीक फट मला दिसली, आणि त्या फटीतून ते डॉक्टरच्या हाताकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

टाचणी गुडघ्याला लागली. माझा खालचा ओठ दाताखाली होता.

"हाँ," आप्पा म्हणाले.

मी ओठ सोडला. पुढची टाचणी नडगीवर. मी तोंड तसंच ठेवलं. ते थांबले. फटीतून शोधत राहिले. मला त्यांची दया आली आणि मी पुन्हा ओठ चावला असता. दादा मागे उभा होता, हातात फोन होता, माय पेढ्यांचा रिकामा डबा पुसत होती. मी गप्प राहिले असते तर आजचा दिवसही चांगला गेला असता. उद्याचाही गेला असता.

मी डॉक्टरला म्हटलं, "सर, यांना काही लागत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघून सांगतात. मी बाहेर जाते. त्यांच्या डोळ्यांवर काहीतरी बांधा."

दादा म्हणाला, "जयू." फक्त तेवढंच.

मी बाहेर जाऊन भिंतीला लागून उभी राहिले. दार पूर्ण लागत नाही तिथलं. डॉक्टर विचारत होता, काका, यहाँ? मग आप्पांचा आवाज आला, नीट, मोठ्याने, खात्यातल्या गोंगाटात बोलतात तसा. नहीं. यहाँ? नहीं. यहाँ? नहीं. मी मोजत नव्हते. मायचं रडणं मधे आलं, थांबलं. यहाँ? नहीं.

डॉक्टर बाहेर आला. माझ्याशी नीट बोलला. पहिले आठवडे आहेत, म्हणाला, औषधं चालू राहतील, कधीकधी उशिरा येतं, कधीकधी नाही येत. तक्त्यावरचे बाण त्याने खोडले होते.

आत गेले. दादा खिडकीपाशी पाठ करून उभा होता. आप्पांच्या डोळ्यांवरची पट्टी कपाळावर सरकली होती. म्हणाले, "माले नापास करी टाकं तू."

मी खाटेवर बसले. म्हटलं, आप्पा, आता माझ्याकडे बघून काही सांगू नका. खरं काय होतंय ते सांगा.

ते छताकडे बघायला लागले. मुद्दामच, मी दिसू नये म्हणून.

"पाय मना नहीत असं वाटस. कोनी दुसराना आनीसन ठेयेल शेत, असं. रातले माय कूस बदलस, तवय माले समजत नही मी कोनीकडे शे." थांबले. "भेव वाटस, जयू. लई भेव वाटस माले."

मी मान हलवली. त्यांना ते दिसलं नाही. मेंदूचं, रस्त्याचं, औषधांचं काही मी बोलले नाही. विचारलं, आणखी काय?

ते सांगत राहिले. जेवणाची गाडी येईपर्यंत सांगत होते.